भूकंपाची सूचना: हाती येणारे सेकंद आणि आपली तयारी

शेतीच्या कामात आपण इशाऱ्यांवर बरेच विसंबून असतो. पावसाचा अंदाज पाहून पेरणी ठरते, गारपिटीचा इशारा आला की काढलेली द्राक्षे झाकली जातात, किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याचे कळले की फवारणी होते. साहजिकच प्रश्न पडतो की, भूकंपाचा असा इशारा मिळतो का? मिळत असेल तर किती आधी? आणि मिळाला तर नेमके काय करायचे?

मराठवाड्यात हा प्रश्न केवळ माहितीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. काही नोंदींत हा आकडा दहा हजारांच्या जवळ आहे. विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपेत होती. अलीकडे, २०२४ साली, २१ मार्च आणि १० जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात प्रत्येकी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते शेजारच्या नांदेड, परभणी जिल्ह्यांतही जाणवले. आता बहुतेक घरांत मोबाइल फोन आहे आणि त्यावर भूकंपाची सूचना येऊ शकते. म्हणूनच या सूचनेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही नीट समजून घेणे आवश्यक आहे.

भाकीत वेगळे, सूचना वेगळी

अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी भूकंप होईल असे सांगण्याची कोणतीही शास्त्रीय पद्धत आज जगात उपलब्ध नाही. किल्लारी भागात १९९२ साली ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अनेक लहान धक्के बसले होते. नंतर ते थांबले, लोक निर्धास्त झाले, आणि जवळजवळ एक वर्षाने मोठा भूकंप झाला. उलट कोयना परिसरात १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतर लहान धक्के वर्षानुवर्षे बसत आले आहेत, पण प्रत्येक वेळी त्यामागून मोठा धक्का येत नाही. म्हणजे लहान धक्क्यांवरून मोठ्याची तारीख काढता येत नाही. तेव्हा "आज रात्री दोन वाजता भूकंप होणार" असा निरोप मोबाइलवर आला, तर तो कितीही मोठ्या नावाने आलेला असो, अफवा समजावा आणि पुढे पाठवू नये.

सूचना म्हणजे भाकीत नव्हे. सूचना यंत्रणा भूकंप सुरू झाल्यानंतरच कामाला लागते. जमिनीखाली खडक फुटलेला असतो, हादरे निघालेले असतात, फक्त ते आपल्या गावापर्यंत पोचायचे असतात. त्या मधल्या सेकंदांत निरोप पोचविणे एवढेच या यंत्रणेचे काम.

यंत्रणा चालते कशी?

वीज चमकते आणि गडगडाट थोड्या वेळाने ऐकू येतो, हे आपण शेतात नेहमी अनुभवतो. उजेड वेगाने येतो, आवाज मागून येतो. भूकंपातही असेच घडते. खडक फुटला की मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिल्या म्हणजे प्राथमिक किंवा 'पी' लहरी. त्या खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने धावतात, पण त्यांचा हादरा सौम्य असतो. दुसऱ्या दुय्यम किंवा 'एस' लहरी. त्या सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने येतात. मात्र जमीन आडवी-उभी हलवून घरे पाडतात त्या याच आणि त्यांच्या मागून येणाऱ्या पृष्ठभागावरील लहरी.

भूकंपमापक यंत्रांचे जाळे जमिनीत बसवलेले असते. केंद्राच्या जवळच्या यंत्रांना 'पी' लहर लागताच ती संगणकाकडे संदेश पाठवितात. भूकंप कोठे झाला आणि किती मोठा असावा याचा अंदाज संगणक काही सेकंदांत बांधतो आणि दूरच्या गावांना रेडिओ, भोंगा किंवा मोबाइलवरून सूचना देतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने जात असल्याने तो भूकंपाच्या लहरींना सहज मागे टाकतो.

ही कल्पना नवी नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. कूपर यांनी १८६८ साली वर्तमानपत्रातून सुचविले होते की, दूर अंतरावर जमीन हलली की तारेने शहराला निरोप जावा आणि घंटा वाजावी. ती प्रत्यक्षात यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

वेळ किती मिळतो?

येथे थोडे गणित करू. समजा भूकंपाच्या केंद्रापासून पंधरा किलोमीटरच्या आत यंत्रे आहेत आणि भूकंप सुरू झाल्यापासून आठ सेकंदांत सूचना लोकांच्या हाती पडते. एवढ्या वेळात 'एस' लहरी सुमारे अठ्ठावीस किलोमीटर पुढे गेलेल्या असतात. म्हणजे या वर्तुळातील गावांना सूचना हादऱ्याबरोबर किंवा हादऱ्यानंतर मिळते.

१९९३ साली किल्लारी भागात अशी यंत्रणा असती, तर सरळ अंतरानुसार साधारण पुढीलप्रमाणे वेळ मिळाला असता:

१) किल्लारी व परिसरातील गावे: शून्य सेकंद.
२) उमरगा (सुमारे २६ कि.मी.): शून्य सेकंद.
३) लातूर शहर (सुमारे ३७ कि.मी.): दोन ते तीन सेकंद.
४) सोलापूर (सुमारे ८३ कि.मी.): पंधरा सेकंद.
५) पुणे (सुमारे २९० कि.मी.): सव्वा मिनिट.

या यादीकडे लक्षपूर्वक पाहावे. पुण्याला सव्वा मिनिट मिळाले असते, पण तिथे घरे पडण्याइतका हादरा पोचलाच नव्हता. ज्या गावांत माणसे दगावली, त्यांना एकही सेकंद मिळाला नसता. थोडक्यात, मध्यम तीव्रतेच्या आणि कमी खोलीवरच्या भूकंपात जिथे धोका जास्त तिथे वेळ नाही आणि जिथे वेळ आहे तिथे धोका कमी, अशी स्थिती असते.

मग ही यंत्रणा निरुपयोगी आहे का? तसे मुळीच नाही. भूकंप मोठा असला की त्याचा मारा दूरवर पोचतो आणि तेथे हे सेकंद मोलाचे ठरतात. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरील अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून शेकडो लोक दगावले. तेथे अशा यंत्रणेने जवळजवळ मिनिटभर वेळ दिला असता. एका मिनिटात तळमजल्यावरची माणसे मोकळ्या जागी येऊ शकतात, उद्वाहन जवळच्या मजल्यावर थांबू शकते, दवाखान्यात शस्त्रक्रिया करणारा हात थांबू शकतो.

इतर देशांचा अनुभव

मेक्सिको: १९ सप्टेंबर १९८५ रोजी पॅसिफिक किनाऱ्यावर ८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र मेक्सिको शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. परंतु हे शहर जुन्या तलावाच्या मऊ गाळावर वसलेले असल्याने हादरे तेथे अनेक पटींनी वाढले आणि हजारो माणसे मेली. धोका दूरच्या किनाऱ्यावर आणि नुकसान शहरात, अशा ठिकाणी सूचनेला पुरेसा वेळ मिळतो. म्हणून किनाऱ्यावर यंत्रे बसवून १९९१ साली यंत्रणा सुरू झाली. १४ सप्टेंबर १९९५ च्या भूकंपात शहराला ७२ सेकंद आधी सूचना मिळाली. पुढे १९ सप्टेंबर २०१७ रोजी मात्र भूकंपाचे केंद्र शहरापासून केवळ सुमारे १२० किलोमीटरवर होते. भोंगे वाजू लागले त्याच सुमारास जमीन हलू लागली. योगायोग असा की, १९८५ च्या स्मरणार्थ त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता शहरात तालीम झाली होती आणि भूकंप दुपारी सव्वा वाजता आला. भोंग्याने वेळ दिला नाही, पण कोणत्या जिन्याने उतरायचे आणि कोठे जमायचे हे लोकांच्या डोक्यात ताजे होते.

जपान: १ ऑक्टोबर २००७ पासून जपानच्या हवामान खात्यातर्फे सर्व जनतेला दूरदर्शन, रेडिओ व मोबाइलवरून सूचना दिली जाते. ११ मार्च २०११ च्या ९ तीव्रतेच्या भूकंपात पहिली लहर यंत्राला लागल्यापासून नऊ सेकंदांच्या आत सूचना निघाली. किनाऱ्याजवळील यंत्रांच्या संदेशावरून वेगवान शिन्कान्सेन गाड्यांचे ब्रेक आपोआप लागले आणि प्रवाशांना घेऊन धावणारी एकही गाडी रुळावरून घसरली नाही. मात्र त्याच वेळी संगणकाने भूकंप प्रत्यक्षापेक्षा लहान समजल्यामुळे टोकियो भागाला सुरुवातीची सूचना गेली नाही. उलट ५ जानेवारी २०१८ रोजी दोन दूरच्या ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी झालेले दोन धक्के संगणकाने एकच मोठा भूकंप समजले आणि टोकियो परिसराला विनाकारण सूचना गेली.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सूचना चुकू शकते आणि सूचना न येताही भूकंप येऊ शकतो. सूचना आली आणि काही झाले नाही, तर ती तालीम झाली असे समजावे; फोनवरील सोय बंद करू नये. आणि जमीन हलू लागली तर सूचनेची वाट न पाहता कृती करावी.

आपल्याकडील सोयी

उत्तराखंड राज्यात रुरकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने हिमालयाच्या पट्ट्यात भूकंप संवेदक बसवून यंत्रणा उभारली आहे आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांसाठी मोबाइल ॲपही सुरू केले. ही यंत्रणा त्या राज्यातील जनतेसाठी आहे.

आपल्या शेतकऱ्यांच्या हाती येऊ शकणारी सोय म्हणजे अँड्रॉइड फोनवरील भूकंप सूचना. गूगलने ती भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केली. प्रत्येक फोनमध्ये हालचाल ओळखणारा एक लहान संवेदक असतो. चार्जिंगला लावून स्थिर ठेवलेला फोन या संवेदकाने जमिनीचा कंप टिपतो. एकाच भागातील पुष्कळ फोनना एकाच वेळी कंप जाणवला, तर भूकंप झाल्याचे ओळखून पुढच्या भागातील फोनना सूचना जाते. ही सूचना ४.५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेच्या भूकंपासाठी असते. सौम्य हादरा अपेक्षित असेल तर साधी सूचना येते. जोराचा हादरा अपेक्षित असेल तर फोन आवाज बंद ठेवलेला असला तरी मोठ्याने वाजतो आणि पडद्यावर काय करावे ते दिसते.

यासाठी पुढील बाबी तपासाव्यात:

१) फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' या भागात 'अर्थक्वेक अलर्ट्स' ही सोय चालू करावी. काही फोनमध्ये ती 'लोकेशन' या भागात असते.
२) फोनचे लोकेशन चालू असावे.
३) इंटरनेट चालू असावे. रात्री डेटा बंद करून झोपण्याची सवय असेल, तर रात्री सूचना येणार नाही.
४) घरातील निदान एक फोन रात्री चालू स्थितीत, हाताच्या अंतरावर ठेवावा.

खेड्यात फोन विरळ असतात, रात्री वीज जाते, टॉवर बंद पडतो. म्हणून ही सोय पूरक मानावी, तिच्यावर संपूर्ण भिस्त ठेवू नये.

सूचना मिळाल्यावर काय करावे?

सेकंद मोजकेच असल्याने त्या वेळी विचार करीत बसणे परवडत नाही. फोन हातात घेऊन सूचना वाचत बसणे किंवा शेजाऱ्याला विचारणे यातच वेळ जातो. कोणत्या जागी काय करायचे हे आधीच ठरलेले असावे.

घरात असताना: सिमेंट-काँक्रीटच्या, नीट बांधलेल्या घरात असाल तर बाहेर पळू नये. खाली बसावे, मजबूत टेबलाखाली डोके व मान झाकून घ्यावी आणि टेबलाचा पाय घट्ट धरावा. काचा, कपाटे आणि फळ्यांपासून दूर राहावे. दगड-मातीचे, धाब्याचे एकमजली घर असेल आणि आपण दाराजवळ असू, तर तत्काळ मोकळ्या अंगणात यावे. अशा घरात टेबल माणसाला वाचवू शकत नाही. मात्र दाराबाहेर दोन उंच भिंतींमधला अरुंद बोळ असेल तर तो घराइतकाच धोक्याचा असतो. मोकळी जागा म्हणजे भिंतीच्या उंचीहून अधिक अंतरावरची जागा.

शेतात असताना: मोकळे रान ही सर्वांत सुरक्षित जागा होय. विजेचे खांब व तारा, मोठी झाडे आणि विहिरीचा काठ यांपासून दूर होऊन खाली बसावे. ट्रॅक्टर सावकाश थांबवून ब्रेक लावावा. मळणी यंत्र किंवा कडबा कुट्टी चालू असेल आणि कळ हाताशी असेल तरच बंद करावी. कळीसाठी यंत्राच्या पलीकडे धावू नये.

गोठ्यात असताना: जनावरे सोडविण्यासाठी गोठ्यात शिरू नये. हा सल्ला कठीण वाटेल, पण दगडी गोठ्यात एक दावे सोडायलाही सूचनेचे सेकंद पुरत नाहीत. त्यासाठीची तयारी आधी करावी. दाव्याला एका ओढीत सुटेल अशी गाठ मारावी. शक्य असेल तर जनावरे दगडी भिंतींऐवजी लोखंडी पाइप व पत्र्याच्या हलक्या छपराखाली बांधावीत.

गोदामात असताना: पोत्यांच्या थप्पीपासून दूर व्हावे. कीटकनाशकांच्या बाटल्या उंच फळीवर न ठेवता कुलूपबंद कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात.

हादरे थांबल्यावर: गॅस व विजेचा मुख्य स्विच बंद करावा. तडे गेलेल्या घरात सामान किंवा दागिने काढण्यासाठी पुन्हा शिरू नये. मोठ्या भूकंपामागून लहान-मोठे धक्के येतच राहतात आणि खिळखिळी झालेली भिंत त्यांत पडते.

घरातील सर्वांनी वर्षातून दोनदा तालीम करावी. अंथरुणापासून मोकळ्या जागेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते एक, दोन, तीन असे मोजावे. रात्री अंधारात कडी काढायलाच पाच आकडे लागत असतील, तर कडी बदलावी. म्हातारी माणसे व लहान मुले यांना दाराच्या जवळ झोपण्याची जागा द्यावी. बाजेवर पडेल असे जड सामान भिंतीवर ठेवू नये.

खरी सुरक्षितता घराच्या भिंतीत

किल्लारी भागात माणसे प्रामुख्याने घरांमुळे दगावली. दोन ते तीन फूट रुंदीच्या भिंती, मातीत रचलेले गोलसर दगड, आणि भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अंगाला जोडणारे काहीच नाही, अशी बहुतेक घरे होती. हादऱ्याने भिंतीची दोन्ही अंगे सुटी झाली. वर धाब्याचे ओझे. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी दरवर्षी पांढरी माती टाकण्याची पद्धत असल्याने हा थर वाढत जातो. तीन मीटर लांब व चार मीटर रुंद खोलीवर एक फूट मातीचा थर असेल, तर त्याचे वजन ५५ ते ६० क्विंटल भरते. म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर क्विंटलची पन्नास-साठ पोती रचण्यासारखेच आहे.

जुने घर पाडून नवे बांधणे प्रत्येकाला शक्य नाही. परंतु पुढील सुधारणा कमी खर्चात टप्प्याटप्प्याने करता येतात. त्या बांधकाम अभियंत्याच्या सल्ल्याने कराव्यात:

१) धाब्यावरील मातीचा जादा थर काढून टाकावा. गळती रोखण्यासाठी माती वाढविण्याऐवजी पातळ थरावर प्लॅस्टिकचा कागद घालून वर पत्रे किंवा हलके आच्छादन करावे.
२) भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे जोडदगड किंवा सळई घातलेले काँक्रीटचे तुकडे बसवून दोन्ही अंगे बांधून घ्यावीत.
३) दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींना सलग वळसा घालणारा सळईचा पट्टा करावा. टोपलीला कडेची वळणी जसे बांधून ठेवते, तसे हा पट्टा भिंतींना बांधून ठेवतो.
४) घराचे कोपरे जाळी व सिमेंटच्या गिलाव्याने मजबूत करावेत.
५) नवीन बांधकामात हे सर्व सुरुवातीपासून करावे. भारतीय मानक ब्यूरोने दगड-मातीच्या घरांसाठी १९९३ सालीच याबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

१९९३ पूर्वीच्या नकाशात लातूर परिसर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात घेतला गेला. तेव्हा 'आमचा भाग भूकंपाचा नाही' असे म्हणून निर्धास्त राहू नये.

सारांश

फोनवरील सूचनेची सोय आजच चालू करावी, कारण तिला खर्च काहीच नाही आणि दूरच्या मोठ्या भूकंपात तिचे दहा-पंधरा सेकंद जीव वाचवू शकतात. परंतु भूकंप आपल्याच गावाखाली झाला तर कोणताही फोन वेळेवर वाजणार नाही. त्या क्षणी माणसाला वाचवेल ती बांधून घेतलेली भिंत आणि हलके केलेले छप्पर. पावसाचा अंदाज आला तरी आपण बांधबंदिस्तीची कामे सोडत नाही. त्याचप्रमाणे सूचना यंत्रणा आली म्हणून घराची डागडुजी मागे पडू देऊ नये. येत्या पावसाळ्यापूर्वी धाब्यावर पांढरी माती टाकण्याचा विचार असेल, तर त्याआधी तिथे किती थर साचला आहे तो एकदा मोजून पाहावा.